बाबांचं नाक

थोरलीच्या बाबांना ओळखीतले सगळे ‘नाक’ म्हणायचे. त्यांच्या द्राक्षांवर रासायनिक फवारणी नव्हती, वाइनमध्ये बाहेरचं यीस्ट नव्हतं. रस आपल्या मनाने आंबायचा. अशी वाइन बिघडायला लागली की आधी नाकाला कळतं. बाबा पिंपाच्या तोंडाशी वाकायचे आणि सांगायचे, हे आज उपसा, ते राहू द्या.

मग एका तापात त्यांची वासाची जाण गेली ती गेलीच. घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. थोरली शेजारी उभी राहून वास घ्यायची, हळूच सांगायची आणि बाबा तेच मोठ्याने बोलायचे. धाकट्या भावाला शिकवून पाहिलं, पण त्याला सगळी पिंपं सारखीच.

थोरलीला दुसऱ्या शहरात नकाशे काढायची नोकरी मिळत होती. आई म्हणाली, “जा की. एवढा हंगाम होऊ दे.” गेल्या हंगामातही ती हेच म्हणाली होती.

त्या सकाळी जुना दुकानदार नवी वाइन चाखायला आला. तळघराची फरशी नुकतीच धुतलेली. धाकट्याने कोपऱ्यातल्या पिंपातून ग्लास भरला. व्हिनेगरचा वास थोरलीला लांबूनच आला. बाबांनी ग्लास फिरवला, हुंगल्यासारखं केलं आणि तिच्याकडे पाहिलं.

ती गप्प राहिली. एकदाचं सोंग उघडं पडू दे, म्हणजे मी जायला मोकळी, असं तिच्या मनात आलं.

“काय म्हणतंय नाक?” दुकानदाराने हसत विचारलं.

बाबांनी ग्लास खाली ठेवला. “ते केव्हाच गेलं. तुम्ही नेता ती वाइन हिच्या नाकाची.”

 दुकानदाराने ग्लास उचलून तिच्यापुढे धरला. “तूच सांग मग.”

खोटं बोलणं तिला जमलं नाही. “बिघडलंय हे. शेजारचं घ्या.”

त्याने ते चाखलं आणि मान डोलावली. “अलीकडची वाइन आधीपेक्षा सरस का, ते आता कळलं. ही आहे तोवर मी दुसऱ्या कुणाकडे जायचा नाही.”

बाबांचे डोळे भरून आले. “सुटलो बुवा, ताई,” धाकटा तिच्या कानाशी पुटपुटला. नव्या वेली हिच्याच पसंतीने लावायच्या, असं बाबा दुकानदाराला सांगायलाही लागले होते.

बिघडलेलं पिंप तसंच ठेवून चालणार नव्हतं. थोरलीने बाह्या वर केल्या आणि ती ते उपसायला पाइप आणायला गेली.