न खणलेला वाफा

“आई, खोक्यांची चिकटपट्टी नीट काढा. ती कुजत नाही,” चैताली म्हणाली.

सरुबाई काढत होत्या, पण लक्ष परसातल्या कडुलिंबाखालच्या कोपऱ्याकडं होतं.

“आन् कुदळ?”

“किती वेळा सांगू? मारायचीच नाही. गवतावर ओला पुठ्ठा, त्यावर शेणखत, वर सोयाबीनचं भुसकट. खाली गांडुळांची घरं असतात, ती मोडायची नाहीत.”

“न्हाय मोडायची,” सरुबाई पुटपुटल्या.

सून परंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. उगीच काही बोलणारी नव्हती. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. त्या कोपऱ्यात त्यांची पहिली मुलगी होती. नाव ठेवायच्या आधीच गेलेली. त्यांच्या नवऱ्यानं, तात्यारावांनी, तिला तिथं पुरलं, आणि पुन्हा घरात तो विषय निघाला नाही. आता तात्यारावही नव्हते. कुणी कुदळ घेऊन तिकडं वळलं, की सरुबाई सापाची भीती घालायच्या, तिथं जनावर निघतं. बाकीच्या परसात भाज्या झाल्या. कोपरा तसाच राहिला. चैतालीनं न खणता वाफा करायचं म्हटलं, तेव्हा कुठं त्या तयार झाल्या.

पुठ्ठे अंथरून होत आले, तेवढ्यात चैतालीचा नवरा राजपाल आला. खांद्यावर कुदळ.

“पुठ्ठ्यावर मेथी उगवती व्हय, मॅडम? सरका. भुई ओली हाय तवर ईतभर उकरून देतो.”

“अहो, नको म्हणतेय ना!”

“आईचं जनावर आसंल तर त्येबी निघंल एकदाचं.”

त्यानं कुदळ उचलली. सरुबाई ओल्या पुठ्ठ्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

“आई, पाय काढ. लागंल.”

“न्हाय.”

“आगं, जनावरबिनावर काय न्हाय तिथं.”

“न्हायच.” त्या पायाखालच्या पुठ्ठ्याकडं बघत म्हणाल्या, “तुझी थोरली भैन हाय.”

राजपालनं कुदळ सावकाश खाली घेतली. ती टेकवायला त्याला जागा सापडेना. शेवटी तो घरापर्यंत गेला आणि भिंतीशी उभी करून आला.

चैतालीनं सासूचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं, शेणखत पसरलं, मग भुसकटाचं पोतं सोडलं. दोघी ओंजळीनं टाकू लागल्या. ऊन उतरलं होतं आणि हवेत गारवा आला होता.

“चैताली,” सरुबाई म्हणाल्या, “तिच्या पायाकडं जरा जास्त टाक.”

चैताली थांबली. “कुठल्या बाजूला?”

सरुबाईंनी बोट दाखवलं. राजपाल पोतं उचलून तिकडं गेला.