अर्ध्या दरवाजावर टेकलेली कोपरं

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, तोही अर्धा. जन्मलो तेव्हा चांगला उंचापुरा होतो. मग या घराचं पाळणाघर झालं. सुतार आला, कानामागची पेन्सिल काढून त्याने माझ्या कमरेवर रेघ मारली आणि मला आडवा कापला. वरचा भाग मोरीजवळची फळी झाला. त्याच्यावर लंगोट ठेवतात. मी बिजागऱ्यांवर राहिलो. मुलांनी बाहेर पळू नये आणि मोठ्यांना आत बघता यावं, एवढंच माझं काम. सुरुवातीला माझे लाड झाले. पिवळा रंग दिला, कडा घासून गोल केल्या, कुणाचं बोट चेंगरू नये म्हणून फटीला रबराची पट्टी लावली.

मुलांविषयी माझी काही तक्रार नाही. ती मला धरून उभी राहायला शिकली. दात येताना काहींनी माझी कड कुरतडली, तेही गोड मानून घेतलं. माझं डोकं उठवलं ते मोठ्यांनी. आत बघता यावं म्हणून मला कापलं, आणि हे लोक माझ्यावर कोपरं टेकून भलतीकडेच बघतात. "त्या कुरळ्या केसांच्या मुलीचं अजून चड्डीतच चालू आहे का हो?" "अमक्याच्या घरी म्हणे रोज भांडणं असतात." आणि जिच्याविषयी चाललेलं असतं, ती माझ्याच फळ्यांना धरून, मान वर करून ऐकत उभी असते. मोठ्यांचा समज असा, की लहान मुलांना कान उशिरा फुटतात.

मुलं सांभाळणारी ताई मायाळू आणि कामाला वाघीण. दोष एकच, भिडस्तपणा. कुणी बोलायला लागलं की तिला 'पुरे' म्हणता येत नसे.

एका संध्याकाळी जुळ्यांचे बाबा आले आणि रोजच्यासारखे माझ्यावर रेलले.

"ताई, तो टिल्लू जरा दांडगाच, नाही? घरात वळण नसेल."

ताईने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसती हसली आणि खोलीकडे पाठ करून ऐकत राहिली. मला मात्र आतलं सगळं दिसत होतं. टिल्लू आणि चिमणी एकच लाल बादली दोन्हीकडून ओढत होते. मी बिजागरी करकरवून पाहिली. जुळ्यांचे बाबा म्हणाले, "याला जरा तेल द्या." तेवढ्यात चिमणीने किंकाळी फोडली.

तिच्या दंडावर दातांची गोल रांग उमटली होती. ताईने दंड धुतला, थंड फडकं धरलं आणि रडणाऱ्या दोघांनाही मांडीवर घेतलं. जुळ्यांना घेऊन त्यांचे बाबा निघून गेले. मग पाळणाघराच्या मालकीण, मोठ्या बाई, धावत आल्या.

"पडली म्हणून सांग. ठोकळ्याचा कोपरा लागला."

"बाई, ठोकळ्याला वर-खाली दात कुठले?"

"मग टिल्लूचं नाव सांगून मोकळी हो. तसाही तो तक्रारींचा धनी. त्याची आई बघेल दुसरं पाळणाघर."

"ती शिवणकामाच्या कारखान्यातून सुटणार कधी आणि बघणार कधी?"

"ते मला सांगू नकोस. उद्या चिमणी आली नाही, तर तूही येऊ नकोस."

चिमणीची आई आली. ताईने तिला सरळ सांगितलं, "खेळताना चिमणीला चावा बसलाय. मी खोलीकडे पाठ करून दारात बोलत होते. चूक माझी आहे."

"कोण चावलं?"

"ते नाही सांगणार."

"नाही सांगणार? माझ्या मुलीचा दंड आहे तो."

"दंड तुमच्या लेकीचा. नाव दुसऱ्याच्या लेकराचं. उद्या चिमणी कुणाला चावली, तर तिचंही नाव या दारातून बाहेर जाणार नाही."

"माझी चिमणी नाही चावत."

ताईने फडकं पुन्हा भिजवून चिमणीच्या दंडावर धरलं. माझ्या कडेवरची सगळ्यात ताजी नक्षी कुणाच्या दातांची, ते मला ठाऊक होतं. तुम्हीही विचारू नका.

आईने मग लेकीलाच विचारलं, "कोण चावलं गं?"

चिमणी हुंदका देत म्हणाली, "बादली माझी."

आईने तिला कडेवर घेतलं आणि ती तडक निघून गेली. टिल्लूची आई आली, तेव्हा ताईने तिला आतल्या कोपऱ्यात बसवलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचं लक्ष रस्त्याकडे, मोठ्या बाईंचं ताईकडे. आधी आले जुळ्यांचे बाबा. कोपर टेकवलं. "काल कोण चावलं म्हणे? टिल्लूच ना?"

"तुमच्या जुळ्यांचं काय ते विचारा, सगळं सांगते," ताई म्हणाली. "बाकीच्यांचं नाही."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. तोच मागून आवाज आला, "अहो, दारातून सरका. ताईंना आत बघू दे."

चिमणीची आई होती. तिने लेकीला माझ्यावरून ताईच्या हातात दिलं.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली. "पण आधीच्या पाळणाघरात कधीही विचारलं, तरी ही नुसती 'पडलेली' असायची."

मोठ्या बाई ते ऐकून मुकाट्याने आत गेल्या. ताई खोलीकडे तोंड करून मुलांत बसली.

मित्रांनो, तुमचं धाकटं भावंड पाळणाघरात जात असेल, तर त्याला आणायला जाणाऱ्या मोठ्यांना माझा निरोप सांगा. टेकायची फार हौस असेल तर भिंत आहे. मला नवा रंग दिला नाही तरी चालेल. माझ्यावरून मुलं द्या, मुलं घ्या. पण दुसऱ्याच्या लेकराची चव्हाटा-चर्चा माझ्यावरून देऊ-घेऊ नका. आणि सांभाळणारीला आत बघू द्या. त्यासाठीच तर मी अर्धा झालो.