तक्त्यात न बसलेले डोळे

मी मुलुंडच्या एका फ्लॅटमधल्या भिंतीवरचा तक्ता बोलतोय. माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे आधीच सांगून टाकतो. कदाचित माझं चुकतही असेल. पण भिंतीवरून जे दिसलं, त्यावरून दुसरं मत बनवणं मला जमलं नाही.

माझा जन्म १९८४ सालचा. जन्मदाते नाना, म्हणजे विद्याधर. कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सून वसुधाला दिवस गेले, तेव्हा त्यांनी ड्रॉइंगचा जाड कागद आणला आणि माझ्यावर दोन्ही घराण्यांच्या तीन पिढ्या मांडल्या. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. काळ्या डोळ्यांचं माणूस शाईने भरलेलं, घाऱ्या डोळ्यांचं रिकामं. मुलगा नंदकुमार रिकामा, वसुधाही रिकामी. त्यांच्या खाली येणाऱ्या बाळाचं चिन्ह. मुलगा की मुलगी ठाऊक नव्हतं, म्हणून ते शंकरपाळ्याच्या आकाराचं, आणि तेही रिकामंच. शेजारी लिहिलं, ‘आईवडील घारे, म्हणून मूल घारे. शंभर टक्के.’

हे घराणं घाऱ्या डोळ्यांवर असं मिरवायचं, जणू ते यांनी रात्रंदिवस खपून कमावले होते. नानांच्या पत्नी रत्नप्रभाबाई यांनी सून निवडली तीसुद्धा डोळे बघून. एम.एस्सी. झालेल्या मुलीला म्हणे खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि ‘जरा वर बघ गं’ म्हणाल्या. बाजारात वांगी बघतानाही माणसं यापेक्षा जास्त विचारपूस करतात.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला नाना माझ्यासमोर उभं करून फूटपट्टीने समजावायचे. माणसं मान हलवायची. कळायचं कोणालाच नाही.

दसऱ्याच्या सुमारास शुभा झाली. डोळे राखाडी, निळसर. नाना हरखले. तान्ह्या मुलांच्या डोळ्यांचा रंग पुढे पालटतो हे त्यांना ठाऊक होतं, पण कौतुक चालू असताना खरं बोलायची त्यांना सवय नव्हती. मीही तेव्हा फार ऐटीत होतो, हे कबूल करतो.

मग डोळे गडद होऊ लागले. रत्नप्रभाबाईंनी आधी काजळावर खापर फोडलं. काजळ बंद झालं. डोळे काही ऐकेनात. सातव्या महिन्यात शुभाचं उष्टावण ठरलं, तोवर ते चांगले काळेभोर झाले होते.

उष्टावणाला वसुधाचा भाऊ बोरिवलीहून आला होता. मामाने भाचीला खिरीचा पहिला चमचा भरवायचा. तो चमचा पुढे करणार, तेवढ्यात शेजारच्या जयंतीबाईंनी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अगंबाई, हे डोळे कोणाचे गं? तक्त्यात तर दिसत नाहीत!”

“आमच्या नंदूचे तर नाहीत बाई,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “आता आईलाच विचारा काय ते.”

भावाने चमचा वाटीत टाकला. “ताई, बॅग भर. आत्ता निघू.”

नंदकुमार पंख्याकडे बघत बसला. बँकेत अधिकारी म्हणे! पंख्याची तपासणी चालू असावी.

“थांब रे,” वसुधा म्हणाली. ती बाळाला कडेवर घेऊन माझ्यासमोर आली. “नाना, हा कागद तुमचा. चूक तुमची आहे की माझी? एकच सांगा.”

नानांनी चष्मा पुसला. “तसं बघितलं तर... विषय जरा गुंतागुंतीचा...”

“कुणाची, नाना? नाहीतर मी भावाबरोबर निघाले, आणि परत येणार नाही.”

एवढा शिकलेला माणूस, पण एका वाक्यासाठी घामाघूम झाला. मला त्यांची कीव आली, आणि किळसही.

“माझी,” ते शेवटी म्हणाले. “आईवडील घारे असले तरी मूल काळ्या डोळ्यांचं होऊ शकतं. रंग एकाच गोष्टीवर ठरत नाही. मला ठाऊक होतं. वर्गातही हे अपवाद गाळायचो. परीक्षेला विचारत नसत ना.”

“अहो, काय हे चारचौघांत!” रत्नप्रभाबाई ओरडल्या.

“चारचौघांतच बोललात ना, आई?” वसुधाने नानांच्या खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. “लिहा. इथेच, खाली.”

नानांनी लिहिलं, ‘घाऱ्या आईवडिलांचं मूल काळ्या डोळ्यांचंही होऊ शकतं. चूक माझी.’

“तारीख टाका. आणि सही करा.”

त्यांनी सही केली. मग भावाने वाटीतला चमचा उचलला आणि शुभाला खीर भरवली. तिने निम्मी बाहेर काढली.

याला आता चार वर्षं झाली. रत्नप्रभाबाईंनी आजवर माफी मागितलेली नाही. माझ्यावर कॅलेंडर टांगायचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा वसुधाने ते काढून स्वयंपाकघरात नेऊन लावलं. माझी शाई फिकी पडत चालली आहे, कोपरे कुरतडले गेले आहेत, आणि फार दिवस टिकेन असं वाटत नाही. तुमच्याकडून माझी एकच अपेक्षा आहे. या घरी कधी आलात तर वरचे गोल-चौकोन बघून मान हलवू नका. खाली वाका आणि सही वाचा.