दुपारी मान टाकणारी कपाशी

ताडकळसच्या शिवारात नर्मदाबाईंच्या कपाशीभोवती भर दुपारी निम्मं गाव गोळा झालं होतं. पाऊस केव्हाचा उघडलेला, बोंडं भरायची होती आणि पानांनी माना टाकल्या होत्या. त्या दिवशी गावात आलेल्या तांब्याबाबा नावाच्या महाराजांनी तांब्यातलं तीर्थ शिंपडलं, सगळ्यांना लिंबाखाली आपल्याकडे तोंड करून बसवलं आणि भजन धरलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला बसवेना, मी बांधावर येरझाऱ्या घालत राहिलो.

ऊन उतरलं आणि कपाशी ताठ उभी राहिली. लोक बाबांच्या पायांवर पडले.

बाबांना चेव चढला. ठिबकच्या नळ्यांनी धरणीमायचा गळा आवळलाय म्हणे. नळ्या उपटा, मोटर सोडा, सऱ्या तुडुंब भरा, नाहीतर मायचा कोप होईल. इकडे नर्मदाबाईंच्या विहिरीत तळाला जेमतेम पाणी. ते एका दमात उपसलं तर बोंडं भरायची कशी? तरी बाई मोटरकडे निघाल्याच.

मी आडवा आलो. "मावशी, बांधाच्या पल्याड बघा."

पल्याड शेजारच्या येडबाचं रान. त्याची मोटर जळालेली, म्हणून पाणी नव्हतं, आणि तीर्थही तिकडे शिंपडलं नव्हतं. दुपारी लोळलेली त्याची कपाशीही आता ताठ होती. गाव बाबांकडे बघत बसलेलं, तिकडे बघणार कोण?

"तीर्थाचा गंध वाऱ्यानं तिकडं गेला," बाबा म्हणाले.

मावशींची सून अर्पिता पुढे झाली. "मंग काल दुपारी लोळलेलं ते रान सांजंला उभंच व्हतं की, महाराज. काल तुमी गावात आलेच नव्हता."

बाबांनी तांब्या उचलला. त्यांना म्हणे जीप गाठायची होती.

भर उन्हात पानांतून जितकं पाणी उडतं, तितकं मुळांना वर पोचवता येत नाही, म्हणून पानं वाकतात. ऊन उतरलं की आपोआप उठतात. आपण मात्र दुपारी घाबरून मोटर लावतो आणि संध्याकाळी म्हणतो, पाण्यानं उठली. वीज जाते, विहीर आटते, खतही मुळांखाली वाहून जातं. बाबाला आपली ही खोडच सापडली होती.

दुसऱ्या दुपारी कपाशीनं पुन्हा मान टाकली. मावशींचा हात मोटरच्या बटणावर गेला.  मग त्या खाली बसल्या, नळीजवळ वीतभर माती उकरली आणि मुठीत दाबली. गोळा झाला, फुटला नाही.

"वल हाय," त्या म्हणाल्या. मातीत ओल होती, मोटर बंदच राहिली.

बाबा आता दुसऱ्या गावी गेला असेल, तुमच्याही रानात येईल. त्याच्या पाया पडण्याआधी मूठभर माती दाबून बघा, आणि एकदा बांधापल्याडही बघा.