फंड वाढला, पेन्शन घटलं

ऑर्लिन निगार्डची आपली उचलली जीभ लावली टाळ्याला. शाळेत तीस वर्षं बँड शिकवलेला माणूस, हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. मार्चमध्ये रेडिओवर ऐकलं की गेल्या वर्षी शेअरबाजार वाढला, आणि गडी फुगला. त्याचं पेन्शन शेअरच्या फंडावर चालायचं. फंडाची कमाई बघून दर मे महिन्यात रक्कम नव्याने ठरायची, आणि निवृत्तीपासूनची नऊ वर्षं ती चढतच गेली होती. त्याच भरात त्याने बाओला सांगून टाकलं, की मेपासून बुधवारीही ये. बाजारात तुरी, दुसरं काय!

बाओ त्याचीच जुनी विद्यार्थिनी, लाओसहून येऊन तिथे वसलेल्या ह्मोंग लोकांतली. त्याच्या बायकोला, मार्लिसला, अर्धांगाचा झटका आल्यापासून ती सोमवारी नि गुरुवारी पगारावर येऊन तिचं सगळं करायची. अंघोळ घालायची, हाताला धरून अंगणात चालवायची, आल्याची पातळ पेज भरवायची. ती आली की मार्लिस हसायची. ते हसणं बघून ऑर्लिनला वाटे, या पोरीचे किती आभार मानावेत! आता सरांचा शब्द म्हणजे शब्द, म्हणून बाओने बुधवारचं दुसरं घर सोडलं.

एप्रिलअखेर पत्र आलं. फंडाने शेकडा तीन कमावले होते आणि पेन्शन मात्र घटलं होतं. ऑर्लिनने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवार म्हणजे तळलेली मासळी, आणि दर शुक्रवारी गेरहार्ट ती गुत्त्यातून बांधून घेऊन ऑर्लिनकडे यायचा. हा त्याच शाळेतला गणिताचा मास्तर, बायको इर्मा वारलेली, पेन्शन ठरावीक रकमेचं घेतलेलं. ‘बुळ्या, माझ्यासारखी छाती पाहिजे,’ असं चिडवत मासळीचे पैसे नेहमी ऑर्लिनच द्यायचा. आज त्याने मुकाट्याने पत्रच पुढे केलं.

गेरहार्टने ते वाचलं. "लेका, फंड वर्षाला शेकडा पाच कमावणारच असं धरून त्यांनी तुझं पेन्शन बांधलंय. पहिल्या दिवसापासून तुला त्या हिशोबाने जास्त दिलं. पाचाच्या वर गेला की वाढ, बरोबर पाच झाले की तेवढंच, आणि पाचाच्या खाली राहिला की नफा होऊनही कपात. नऊ वर्षं खाली आला नाही, हे तुझं नशीब."

ऑर्लिन खाली मान घालून बसला. मग बाओचं सगळं सांगितलं. तिने हातचं काम सोडलं होतं, घरी दोन लेकरं होती. आता तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? गेरहार्ट टोमणा मारेल म्हणून तो वाट बघत होता. मारला असता तर चाललं असतं.

गेरहार्टने भाकरीसारखा जाड, राय धान्याचा पाव मोडला आणि म्हणाला, "बुधवार मला दे. इर्मा गेल्यापासून माझ्या घराचा उकिरडा झालाय. बाओचे पैसे मी देतो."

ऑर्लिनचा जीव भांड्यात पडला. बुधवारी मार्लिसचं आपण कसंबसं करू, निदान त्या पोरीचं नुकसान टळलं, म्हणून रात्री तो देवापुढे खरंच हात जोडून बसला.

मेचा पहिला बुधवार. दहा वाजता दारात गेरहार्टची गाडी थांबली. आधी बाओ उतरली, हातात भाताचं पातेलं. मागून गेरहार्ट, नवा सदरा घालून. बाओ तडक मार्लिसच्या खोलीत गेली, आणि आतून हसण्याचा आवाज आला.

"तुझ्या घराचं काय झालं?" ऑर्लिनने विचारलं.

"सर, ह्यांच्याकडे आवरायला काहीच नव्हतं," बाओ आतूनच म्हणाली. "फरशीत तोंड दिसतंय."

गेरहार्ट दारातच घुटमळला. "खरं सांगू? ते घर मला खायला उठतं. इर्मा गेल्यापासून एकट्याने जेवतोय. बाओने बुधवारी दिवसभर इथेच राहावं, मला फक्त दुपारी चार माणसांत जेवू दे. तुझ्यावर उपकार वगैरे करत नाहीये मी."

"करतोयस," ऑर्लिन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने पुसले नाहीत. "आणि मी ते घेतोय. ये, बस."