ट्रॉलीतला कापूस

बहिणीच्या भाजलेल्या, पट्टी बांधलेल्या मनगटाचा फोटो पाहिला आणि गोविंदा डोणगावहून जो निघाला, तो देऊळघाटला तिच्या सासरच्या अंगणातच मोटरसायकलवरून उतरला. पाणी घेतलं नाही, ओसरीवर टेकलाही नाही.

"पिशवी भर," तो पूनमला म्हणाला. "घरी चाल."

"काऊन?"

"जयलेला हात घेऊन वरून मलेच विचारून राह्यली?"

दारात पूनमची सासू आशाबाई तांब्या घेऊन उभी होती. गोविंदानं तिच्याकडे असं काही पाहिलं की तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि मुकाट्यानं पदर सावरला. ते पाहून पूनमच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चूक केली होती तिनं स्वतः, आणि चोरासारखी उभी होती सासू.

पूनमला छोट्या गाड्या बनवायचा नाद होता. पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, बाटल्यांची झाकणं, एवढ्यावर तिचे ट्रॅक्टर उभे राहत. परवा ती कापसानं भरलेली ट्रॉली करत बसली होती. कापूस घरात खोलीभर पडलेला, त्यातलाच मूठभर मांडीवर घेतला. सुपरग्लूच्या नळीचं तोंड वाळून बंद झालं होतं. टाचणीनं मोकळं करायचं सोडून तिनं ती जोरात दाबली. नळी बुडाकडून फुटली आणि सगळा गोंद डाव्या मनगटावर आला. कापूसवाल्या घरात काहीही सांडलं की हात आधी कापसाकडे जातो. तिनं बोळ्यानं पुसलं. बघता बघता बोळा तापला, त्यातून धूर निघाला आणि तो कातडीला चिकटून बसला. आशाबाईनंच तिचा हात बादलीत बुडवून धरला, बोळा ओढू दिला नाही, तसाच दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, हा गोंद कापसाला लागला की तापतो. नळीवर तसं छापलेलं असतं, पण मुंगीएवढ्या इंग्रजीत.

हे सगळं पूनमनं भावाला फोनवर दोनदा सांगितलं होतं. आता तिसऱ्यांदा सांगितलं.

"गोंदानं चिकटते, पूनम. जयत नाही," गोविंदा म्हणाला. "हे बोलाले तुले शिकवलं कोण?"

"मले शिकवाले मी काय दुसरीतली पोरगी हाय?"

"लोकं म्हणून राह्यले, सासूनं चुलीचा चटका देल्ला, ते झाकाले गोंद पुढं केला."

"लोकायले सांगितलं कोणं?"

गोविंदा मोटरसायकलच्या आरशाकडे पाहू लागला.

पूनम आत गेली. पत्र्याची थाळी, कापसाचा बोळा आणि नवी नळी घेऊन आली. थाळी अंगणाच्या मधोमध ठेवली, पाण्याची बादली शेजारी ओढली आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"इकडून ये. डोये लांब ठेव."

तिनं अख्खी नळी बोळ्यावर पिळली. काहीच झालं नाही. गोविंदा गालात हसला.

"झालं तुहं नाटक?"

तेवढ्यात बोळ्यातून पांढरा धूर उठला. आधी दोऱ्याएवढा, मग चांगला भसाभसा. वास नाकात गेला आणि गोविंदाच्या डोळ्यांना पाणी आलं. तरी त्यानं बोट पुढं केलं. पूनमनं त्याच्या हातावर चापट मारली.

"तोच शहाणपणा मी करून बसली, दादा."

तिनं थाळीत पाणी ओतलं. गोविंदानं काडीनं तो कडक झालेला गोळा उलटा करून पाहिला.

"मावशी, माह्यं चुकलं," तो आशाबाईला म्हणाला. "मले वाटलं..."

"बसा, चहा ठेवते," आशाबाई पुटपुटली.

"चहा मंग," पूनम म्हणाली. तिचा राग उतरायच्या ऐवजी चढला होता. "दादा, तीनदा तोंडानं सांगितलं तं खोटं वाटलं. धूर निघाला तं पटलं. माह्यी किंमत त्या धुराएवढीही नाही का?"

तिनं त्याच्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं.

"घरी फोन लाव. आईले सांग, काकाले सांग. ज्याले ज्याले सांगत फिरला, त्या सगळ्यायले सांग. आवाज मोठा ठेव, मावशीले आयकू येऊ दे."

"संध्याकाळी लावतो ना."

पूनमनं मोटरसायकलची चाबी काढून पदराच्या टोकाला बांधली.

गोविंदानं फोन काढला. पलीकडून आईनं पहिल्याच शब्दाला विचारलं, "आणली का रे पोरीले?"

"नाही," तो म्हणाला आणि अडखळला. पूनम समोरून हलली नाही. "आई, पूनम खरं बोलत होती. पह्यल्या दिवसापासून."