उन्हाच्या चालीने

दादासोंनी वेगाची मूठ पुन्हा पुढे रेटली. होडीच्या पुढच्या टोकापाशी पाणी फुटलं आणि बॅटरीचा आकडा एकोणचाळीसवरून अडतिसावर आला. सकाळचे पावणेअकरा झाले होते.

"एवढी घाई कशाला?" मागच्या फळीवरून त्यांच्या पत्नी मीनाबाईंनी विचारलं.

"गप बस. पुलापातूर जाऊ दे."

शिरोलीच्या फाउंड्रीतून निवृत्त झाल्यावर दादासोंनी दोन वर्षं खपून ही अठरा फुटी होडी बांधली होती. छपरावर सौर पॅनेल, फळ्यांखाली बॅटरी, डिझेलचा थेंब नाही. जानेवारीत मालवणहून निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कोची गाठायची, असा त्यांचा बेत होता. पण पंचगंगेवरच्या तिन्ही चाचण्यांत होडी दुपारच्या आत थांबली होती. आजही होडी दिवसभर चालली नाही, तर पॅनेल उतरवून गच्चीवर बसवायची, असं ते स्वतःच बोलून बसले होते.

पुलाच्या अलीकडे आकडा वीसवर आला आणि बॅटरी त्याखाली उतरू नये म्हणून मोटार आपोआप बंद झाली. वल्ही मारत दोघांनी होडी काठाला लावली.

म्हशी धुणाऱ्या एकाने हाक दिली, "पावणं, डिझेल संपलं काय?"

 बुटांसकट चिखलात उतरून दादासो काठावर येरझाऱ्या घालू लागले.

"ऊन हाय, पॅनेल हाय, मोटर चांगली हाय. मग नडतंय कुठं?"

"तुमच्या हातात," मीनाबाई म्हणाल्या.

ते गर्रकन वळले. "मग तूच चालव की!"

मीनाबाई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. उन्हाने आकडा तीसवर चढेपर्यंत त्या छपराच्या सावलीत बसून राहिल्या. मग बाराच्या सुमाराला पुढे येऊन त्यांनी मूठ अंगठ्याने हलकेच सरकवली, सलाईनचं चाक सोडावं तशी. पडद्यावर पॅनेलमधून येणारी वीज एका बाजूला दिसत होती, मोटारीला जाणारी दुसऱ्या बाजूला. जाणारी किंचित कमी राहील तिथे त्यांनी हात थांबवला. होडी माणसाच्या चालीने निघाली.

दादासो काठाने चालत होते.

"अगं, रेट की जरा! म्हशी म्होरं जातील!"

मीनाबाईंनी मान वळवली नाही. दादासो झपाझप पुढे जाऊन थांबले, बसले, पुन्हा उठले. ढग आला तसे ते ओरडले, "परत फीर!" मीनाबाईंनी मूठ जराशी मागे घेतली आणि ढग सरल्यावर पुन्हा पुढे. बंधाऱ्यापर्यंत जाऊन होडी वळली, पुलाकडे आली, पुन्हा बंधाऱ्याकडे गेली.

तिसऱ्या फेरीला दादासो आधीपेक्षा पुढे गेले; तिथे काठाची वाट उसात शिरली आणि होडी दिसेनाशी झाली. दादासोंनी कान दिला, पण मोटारीचा आवाज एवढा बारीक होता की काहीच ऐकू येईना. ते पाचटातून धावत सुटले. पलीकडे निघाले तेव्हा धाप लागली होती, हातावर पाल्याचे ओरखडे उठले होते. नदीचा पट्टा रिकामा होता. "मीना!" अशी हाक तोंडातून गेली, आणि वळणावरून होडी सावकाश बाहेर आली.

पाच वाजता मीनाबाईंनी होडी काठाला लावली. दादासोंनी आधी आकडा बघितला. चव्वेचाळीस. पाच तासांत पंचवीस किलोमीटर झाले होते. त्यांनी पडद्यावरचं पाणी बाहीने पुसून आकडा पुन्हा वाचला.

"भरलीया की! चालवूनबी भरलीया!"

मीनाबाई उतरल्या नाहीत. मुठीवरचा हात त्यांनी अजून काढला नव्हता.

"ह्या चालीनं कोचीला किती दिस लागतील?"

"सोळा. ढग आलं तर वीस."

मीनाबाईंनी मनाशी काहीतरी ठरवल्यासारखी मान हलवली.

"मग तेवढं वीस दिस तुमी घरात एकटं ऱ्हाशीला न्हवं?"

 दादासो तिथेच, ओल्या चिखलात, खाली बसले.